फाटकापुढचा उतार

रायपूर, १७ नोव्हेंबर २०२४

गौतमदादा,

जय भीम. पुढे 'सप्रेम' लिहायची सवय आहे, ती या पत्रापुरती बाजूला ठेवते.

फोनवर तू मला सात वर्षांपासून ब्लॉक केलं आहेस, म्हणून हे स्पीड पोस्टानं. पोस्टमन सही घेतो आणि पत्र कोणाच्या हातात पडलं ते मला इथं मोबाईलवर दिसतं. मिळालंच नाही, असं तुला म्हणता येणार नाही.

मी गाडी चालवायला शिकते आहे. तुला हसू आलं असेल, किंवा स्वरदावहिनीला हाक मारून तू म्हणालाही असशील, "ऐकलं का, आमची भावना गाडी शिकून राहिली." हसून घे. पुढचं वाचताना हसू येणार नाही.

आमचं ऑफिस नव्या रायपूरला गेलं. गुढियारीच्या घरून दोन बसा बदलाव्या लागतात आणि एक चुकली की अर्ध्या दिवसाची रजा. म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी ठरवलं. शिकवणारे दयाराम साहू साठीचे आहेत, आधी ट्रक चालवायचे. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगून टाकलं, "भैया, मेरे हाथ से एक बार हादसा हुआ है."

"चलाते समय?"

"नहीं. खड़ी गाड़ी में."

चालवण्याआधी त्यांनी मला गाडी उभी करायला शिकवली. म्हणाले, "चलाना तो सब सीख जाते हैं दीदी. खड़ी करना कोई नहीं सीखता."

काल त्यांनी मला ओव्हरब्रिजच्या बाजूच्या चढाच्या रस्त्यावर नेलं. पाय ब्रेकवरच ठेवायचा. हँडब्रेक शेवटपर्यंत ओढायचा. मग पहिला गिअर. मग स्टिअरिंग असं वळवायचं, की गाडी सुटलीच तरी तिचं चाक रस्त्याच्या कडेला अडेल. हे सगळं झाल्यावर इंजिन बंद. उतरायचं, मागं जाऊन एकदा बघायचं, आणि मगच किल्ली पर्समध्ये टाकायची. मी चार वेळा केलं. पाचव्या वेळी गाडी उभी असताना विचारलं, "भैया, बाजूच्या सीटवरून कोणी पिशवी उचलली आणि कोपर लागलं, तर हँडब्रेक उतरतो का?" त्यांना मराठी कळतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं.

"लगा के देखो," ते म्हणाले.

मी पलीकडच्या दारानं आत वाकले. कोपर लावलं. मग मारलं. मग दोन्ही हातांनी वरून दाबलं. तो दांडा जागचा हलला नाही. दयारामभैयांनी दाखवलं की आधी तो थोडा वर उचलावा लागतो, मग टोकाचं बटण अंगठ्यानं दाबून धरावं लागतं, तेव्हा कुठे खाली येतो. "कोहनी में अंगूठा होता है क्या दीदी?"

मग त्यांनी तो स्वतःच खाली केला. गाडी बोटभर मागं झुकली आणि थांबली. पहिल्या गिअरमध्ये होती ना.

"हव, अब बोलो," ते म्हणाले. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले आणि त्यांनी माझ्यासाठी टपरीवरून पाणी आणलं.

दादा, १५ ऑक्टोबर २०१३. तेव्हा तुझी नोकरी नागपूरला होती, तिथून तू नवी गाडी दाखवायला आला होतास. फाटकापुढच्या उतारावर, तोंड फाटकाकडं करून गाडी लावलीस. खाली रस्त्यापलीकडं, समोरच्या भिंतीपाशी आई पाटावर बसून मेथी निवडत होती. तू वहिनीसोबत आत आलास आणि मला म्हणालास, "गाडीतून मिठाईची पिशवी घेऊन ये." मी दार उघडलं, पिशवी घेतली, दार लावलं. गाडी मागं उताराला गेली. गाडी आणि समोरची भिंत, यांच्यामध्ये आई सापडली.

तू धावत आलास. तुझा पहिला शब्द 'आई' नव्हता. "काय केलंस भावना!" हा होता.

नंतर तू सगळ्यांना सांगितलंस की तू हँडब्रेक ओढला होतास, गिअर टाकला होतास, आणि माझ्या कोपरानं ब्रेक सुटला. मी मान्य केलं. कारण मला गाडीतलं काहीच कळत नव्हतं आणि तुला सगळं कळत होतं.

आता कळतं. तुझी गाडी न्यूट्रलमध्ये होती आणि हँडब्रेक अर्धवट होता. हे तुला त्याच क्षणी कळलं असणार, कारण आईला सोडवायला गाडी पुढं घेण्यासाठी तूच आत बसलास. बसल्यावर तुझ्या हाताला गिअर कुठं लागला, दादा?

एवढंच विचारते. उत्तर दे.

भावना


रायपूर, ८ डिसेंबर २०२४

गौतमदादा,

पत्र २१ तारखेला तुझ्या हातात पडलं. उत्तर तू दिलं नाहीस, वहिनीला फोन करायला लावलास. ती बिचारी दोन मिनिटं थंडीबद्दल बोलली आणि मग म्हणाली, "भावनाताई, अकरा वर्षं झाली. आई परत येणार आहेत का? यशदीपचं लग्न ठरतंय, आता जुनं कशाला उकरता?" आणि तुझा निरोप सांगितला: गाडी गिअरमध्येच होती, शिवाय चाकाला दगडही लावला होता.

दगड! अकरा वर्षांत पहिल्यांदाच हा दगड ऐकला. खोट्याला नवा टेकू लागला म्हणजे ते हललं आहे.

मी शिकणं सोडलेलं नाही. आता मागं घेत दोन ड्रमांच्या मध्ये गाडी लावते. आधी डाव्या आरशात ड्रम दिसू द्यायचा, मग उजव्यात, मग मान वळवून मागच्या काचेतून बघायचं. गाडी मागं जाऊ लागली की माझा पाय अजून आपोआप ब्रेकवर जातो. पहिल्या आठवड्यात तर मी दर दोन हातांवर ब्रेक दाबून खाली उतरायची आणि मागं कोणी बसलेलं नाही ना, ते बघायची. दयारामभैया एकदाही चिडले नाहीत. काल सहा वेळा लावली, एकदाही ड्रमला लागली नाही.

दर वेळी गाडी नीट उभी राहिली की मला तुझी आठवण येते. ही आठवण चांगली नाही, हे तुला कळावं.

मागच्या रविवारी कांताबाईंकडं गेले होते. आपल्या समोरच्या. ज्यांच्या भिंतीवर गाडी आपटली त्या. आता त्या पुरानी बस्तीत लेकीकडं असतात. गुडघे गेले आहेत, पण डोकं लख्ख आहे. मी विचारलं, "मावशी, त्या दिवशी तुम्ही ओट्यावर होत्या. काय पाहिलं?"

त्यांनी आधी टाळलं. चहा केला. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "गौतम कानाला फोन लावून उतरला. गाडी बंद केली अन् बोलत बोलतच आत गेला. तू बाहेर यायच्या आधीच गाडी वीतभर खाली सरकली होती, पोरी. सरकली अन् थांबली. मी म्हटलं नवी गाडी आहे, अशीच असंल."

"मी यायच्या आधी?"

"आधी."

"मग इतकी वर्षं काहून नाही सांगितलं मले?"

"कोणी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

दयारामभैयांना हे सांगितल्यावर ते म्हणाले की न्यूट्रलमध्ये, अर्ध्या ब्रेकवर उभी असलेली गाडी दार जोरात लावल्यानंसुद्धा सुटते. म्हणजे दार माझंच होतं. ते मी नाकारत नाही. पण गाडी तू लटकवून ठेवली होतीस.

तुला माहीत नाही अशा काही गोष्टी लिहिते, कारण तू बघायला आला नाहीस. आईचा खुबा जुळला नाही. चार वर्षं मी तिला उठवून बसवलं, पुसलं, कूस बदलली. बिलासपूरची बढती सोडली. दुर्गच्या निरंजनशी माझं ठरलेलं होतं. त्याची आई म्हणाली, जिच्या हातानं स्वतःच्या आईचं असं झालं ती माझ्या घरात नको. निरंजननं मान खाली घातली. तो वाईट नव्हता. तिच्यापर्यंत ही गोष्ट कोणी पोचवली, ते मी विचारलं नाही, कारण मला ती खरी वाटत होती. मला वाटायचं, ही माझी शिक्षा आहे आणि मी ती पुरी करीन.

आई गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तू माईक हातात घेतलास. भंतेजी बसलेले, सगळे नातेवाईक बसलेले. म्हणालास, "एका हाताच्या चुकीनं आपली माय गेली, पण मी माझ्या बहिणीले माफ केलं." लोकांनी डोळे पुसले. माझ्याकडं बघितलं आणि पुसले.

माफ केलंस. तू. मला.

लग्न कधी आहे ते कळव.

भावना


रायपूर, १२ जानेवारी २०२५

गौतमदादा,

लग्नाची तारीख तू कळवली नाहीस, पण पत्रिका देवीदासमामांकडून आली. ९ फेब्रुवारी, रिंग रोडवरचं मंगल भवन. सून रायपूरचीच, सोनिया. चांगलं झालं. नाहीतर मला तिकडं पुण्याला, तुझ्या आताच्या घरी यावं लागलं असतं.

मी येणार आहे. माझ्या गाडीनं येणार आहे. परवा लायसन्स मिळालं. परीक्षेत साहेबांनी मला चढावर थांबवून गाडी लावायला सांगितलं आणि मी इतकी सावकाश, इतकी पद्धतशीर लावली, की ते म्हणाले, "मॅडम, शाम हो जाएगी." होऊ दे म्हटलं. गाडी जुनीच घेतली आहे, करड्या रंगाची.

कांताबाईंना सोबत आणणार आहे. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं.

तिथं मामा असतील, भिलाईचे सगळे असतील, पुण्यानुमोदनाला बसलेले सगळे असतील. त्या दिवशी माईक तुझ्याकडं होता. या वेळी कोणाकडं असेल ते बघू. रात्री डोळे मिटले की मी वाक्यं जुळवते. कोणतं आधी म्हणायचं, कुठं थांबायचं, तुझा चेहरा कुठल्या शब्दाला पडेल. अकरा वर्षांत मला एवढं सुख कशानंच झालं नव्हतं. हे लिहायला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

यशदीपला माझा आशीर्वाद आहे. तो चौदा वर्षांचा होता तेव्हा, आणि आत्याच्या हातचं पाणी प्यायचं त्यानं बंद केलं होतं. कोणी सांगितलं होतं त्याला?

अजूनही वेळ आहे. तू आधी येऊन स्वतः सांगितलंस, तर मला काही बोलायची गरज पडणार नाही.

भावना


रायपूर, २ मार्च २०२५

गौतमदादा,

तू लग्नात समोर होतास, तरी मला हे लिहावं लागतंय. कारण तू आता लोकांना सांगतो आहेस की भावनानं जुन्या रागापायी भाच्याच्या लग्नात तमाशा केला. मामांनीच मला फोनवर सांगितलं. म्हणून काय झालं ते कागदावर राहू दे. याची एक प्रत मामांना दिली आहे.

मी काही बोलणार नव्हते, दादा. हे तुला पटणार नाही. सकाळी निघाले तेव्हा सगळी वाक्यं पाठ होती. पण भवनाच्या दारात यशदीप उभा होता, फेटा सावरत. मी गाडीतून उतरले तसा वाकून माझ्या पाया पडला. म्हणाला, "आत्या, तू स्वतः गाडी चालवत आलीस? भारी!" त्याचे डोळे थेट आईसारखे आहेत. मी कांताबाईंना हळूच म्हटलं, "राहू द्या मावशी. पोराचं लग्न आहे." त्याही हो म्हणाल्या. फक्त गाडी लावायची, वधूवरांवर फुलं टाकायची, जेवायचं आणि परत यायचं, असं ठरलं.

दारातली जागा भरली होती, म्हणून मला मागच्या तळघराकडं उतरणाऱ्या रस्त्यावर वरच्या बाजूला गाडी लावायला सांगितलं. तो उतार होता. पाच-सहा जण खुर्च्या टाकून बसले होते, मामाही होते. मी गाडी मागं-पुढं करत होते. आणि तू बाहेर आलास. नवा कोट, अत्तर. बघितलंस आणि मोठ्यानं म्हणालास, "अरे, कोणी तरी उतरवा रे हिले! आमच्या भावनाले उतारावर गाडीपाशी जाऊ देऊ नका. एक माय गेली तेवढी पुरे."

लोक हसले. नीट आठव, दादा. ते हसले, आणि तूही हसलास.

मी गाडी लावून पुरी केली. हँडब्रेक, गिअर, चाक कडेला वळवलं, इंजिन बंद. उतरले, मागं जाऊन बघितलं. मग तुझ्यापाशी आले आणि म्हटलं, "दादा, ये. बाजूच्या दारातून आत वाक अन् कोपरानं हँडब्रेक सोडून दाखव."

"काय लावलंस हे? मंगल कार्य आहे."

"एकदाच. तू म्हणतो ना माझ्या कोपरानं सुटला? तुझं कोपर माझ्यापेक्षा मोठं आहे."

मामा म्हणाले, "करून टाक गौतम, एवढं काय त्यात." त्यांना वाटलं गंमत चालली आहे. तू वाकलास. कोपर मारलंस. पुन्हा मारलंस. तुझा कोट खांद्यात ताणला आणि हँडब्रेक जागचा हलला नाही. हसणारे खुर्च्यांवरून उठून जवळ आले. त्यातल्या निम्म्यांकडं स्वतःच्या गाड्या होत्या. त्यांना हे आधीपासून माहीत असायला हवं होतं, पण कोणी कधी विचार केला नव्हता.

मग मी हात घालून बटण दाबलं आणि हँडब्रेक खाली केला. गाडी बोटभर हलली आणि थांबली. म्हटलं, "गिअरमध्ये आहे, म्हणून थांबली. तुझी गिअरमध्ये होती तर मग काहून गेली?"

मागच्या सीटवरून कांताबाई बोलल्या. उतरल्या नव्हत्या, गुडघ्यांमुळे. म्हणाल्या, "ही पोरगी बाहेर यायच्या आधीच गाडी सरकली होती. मी पाहिलं. खोटं बोलायचं वय नाही राहिलं माझं."

यशदीप कधी येऊन उभा राहिला ते मी बघितलं नाही. त्यानं विचारलं, "पप्पा, तुम्ही तर म्हणाला होता आत्यानं..."

तेव्हा तू काय म्हणालास ते जसंच्या तसं लिहिते. "फोन चालू होता. बढतीची फाईल वर गेली होती. पोलीस केस झाली असती तर सगळं गेलं असतं." आणि मग, "बाईमाणसाले कोणी काय केलं असतं?"

एवढंच. हा तमाशा मी केलेला नाही. मी फक्त गाडी लावली होती.

फुलं टाकून आम्ही निघालो. मला वाटलं होतं की मोकळं वाटेल, आणि वाटलंही. रिंग रोडवर मी काच खाली केली, कांताबाईंना म्हटलं, "मावशी, आज आई असती तर!" त्या रडायला लागल्या. मी गाडी बाजूला घेतली, लावली, आणि विचारलं काय झालं.

त्या म्हणाल्या, "तुझ्या मायले माहीत होतं, भावना."

गाडी वीतभर सरकली तेव्हा आईनंच तुला हाक मारली होती. "गौतम, गाडी हलली रे, पाहून घे." तू फोनवर बोलता बोलता हात वर केलास आणि आत गेलास. तुला कदाचित ऐकूही आलं नसेल. पोरानं हात वर केला म्हणून ती पाटावरून उठली नाही. दवाखान्यातून आल्यावर तिनं कांताबाईंना बोलावलं, त्यांचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घातली. "पोराची नोकरी जाईल. भावना सहन करते. तिले सवय आहे."

तिले सवय आहे, म्हणाली.

चार वर्षं मी तिच्या पाठीला पावडर लावत होते आणि तिला माहीत होतं. मी रडून माफी मागायची तेव्हा ती माझ्या केसांवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "जाऊ दे." मला वाटायचं ती मला माफ करते आहे. तुझ्यावरचा राग मी पोस्टानं पाठवू शकते. तिच्यावरचा कुठं पाठवू, मला समजत नाही. गेले तीन आठवडे तो घरातच आहे, माझ्याबरोबर जेवतो.

पण कांताबाईंनी आणखी एक सांगितलं, आणि ते तुझं आहे. आई त्यांना म्हणायची, "एक दिवस तो येईल अन् स्वतःच्या तोंडानं बहिणीले सांगेल. मी सांगितलं तर त्याची लाज जाईल. त्यानं सांगितलं तर राहील." रोज संध्याकाळी ती मला विचारायची, "गौतमचा फोन आला का?" मी समजायची, तिला तुझा आवाज ऐकायचा आहे. शेवटच्या आठवड्यात तिला नीट बोलता येत नव्हतं, तरी बोटानं फोनकडं दाखवायची. मी तुला लावला होता. तू म्हणालास मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो.

तिनं तुझ्यासाठी माझं आयुष्य दिलं, दादा, आणि तुला एक फोन करता आला नाही. ती तुला निर्दोष समजून गेली नाही. ती वाट बघत गेली.

हे तुला कोणी सांगितलं नसतं. कांताबाई गप्प राहिल्या असत्या आणि मीही गप्प राहू शकले असते. दोन दिवस मी ठरवत होते की सांगू नये, कारण हे ऐकल्यावर माणूस पुन्हा पहिल्यासारखा झोपत नाही. मग मी स्वतःच्या अकरा वर्षांचा विचार केला आणि लिहायला बसले.

माफीचं पत्र पाठवू नकोस. ज्या माणसाला ते हवं होतं ते गेलं.

भावना